मिरची कोणाकडून घ्यायची

माझं माहेर मांढळच्या अंगाचं, कुही तालुक्यातलं, अन् तिथं मिरचीचे सातरे हायेत, माझी आई सातऱ्यावर जाये, आईची आई जाये, मंग मी गेली, माझ्यामागून माझी लहान बहीण कुंदा गेली. सातरा म्हणजे काय ते तुम्हाले सांगावं लागन ताई. व्यापाऱ्याचं मोठ्ठं आंगण राहते, त्यात लाल मिरचीचे ढीग टाकलेले राहतात, इथली मिरची थोडी, बाकी तेलंगणातून ट्रकच्या ट्रक येतात, अन् बाया रांगेनं बसून एकेका मिरचीचं देठ तोडतात. दुकानात तुम्हाले बिनदेठाची मिरची दिसते नं, ती काही झाडाले तशी लागत नाही, कोणती तरी बाई बसून तिचं देठ तोडते तवा ती तशी होते. दिवसभर तोडायचं, संध्याकाळी पाटी काट्यावर न्यायची, जेवढं वजन तेवढी मजुरी, अन् घरी जायचं. मी काही रडगाणं गाऊन नाही राहिली, तुम्ही म्हटलं की लहानपणापासून सांगा, म्हणून सांगून राहिली.

हात जळतात त्या कामानं. पाण्यानं धुतले तं आणखी जळतात, म्हणून ताकात बुडवायचे, ताक नसलं तं गोठ्यातल्या ओल्या शेणात. आईनं आम्हा बहिणींले हातानं घास भरवल्याचं मले आठवत नाही, ती चमच्यानं भरवे, कारण तिचं बोट आमच्या ओठाले लागलं की आम्ही घर डोक्यावर घेवो. आम्हाले वाटे सगळ्याच आया चमच्यानं भरवतात. एकदा कुंदानं शाळेतल्या बाईंले त्यांच्या लेकराले हातानं भरवताना पाह्यलं, तं घरी येऊन मले म्हणे, बाई, मॅडमच्या घरी चमचा नाही वाटते, गरीब हायेत बिचाऱ्या. कुंदा मले बाई म्हणते, मोठ्या बहिणीले आमच्याकडे बाईच म्हणतात. अजूनही ही गोष्ट काढली की ती हसते अन् मले मारते.

लग्न झालं अन् मी नागपूरले आली, हिंगणा रोडच्या अंगाले आमचं लेआउट हाय, तवा तिथं चार घरं अन् बाकी वावर होतं. आमचे हे एमआयडीसीत कंपनीत होते, शिफ्टची नोकरी, कधी सकाळची कधी रातची, म्हणून घरात काय आणायचं अन् कोणाकडून आणायचं हे पहिल्यापासून माझ्याच गळ्यात. आता ते रिटायर झाले तरी पिशवी माझ्याच हातात हाय. त्यांना बाजारात पाठवलं की पहिल्याच दुकानातून घेऊन येतात अन् वरून मले सांगतात, माणूस मोठा चांगला वाटला. बाप्पा, माणूस चांगला हाय म्हणून काय त्याची सडकी वांगी खायची? चांगला माणूस, चांगला माल अन् कमी भाव, हे तिन्ही एका दुकानात मले आजवर सापडलं नाही ताई. दोन सापडले तं मी देवाले हात जोडते अन् पिशवी भरते.

दूधवाल्याचंच घ्या. आमच्याकडे दोघं येतात. एक जण लेकराची शपथ घेऊन सांगे की काकू एक थेंब पाणी नाही, अन् त्याच्या दुधावर साय काही धरे नाही. दुसऱ्याले मी इचारलं, काहून गा, पाणी टाकतो का? तं म्हणे, हो काकू, टाकतो, भाव पाहा नं कसा हाय, पन फिल्टरचं टाकतो. आता याले काय म्हणान तुम्ही? मी त्याच्याकडून लावलं दूध. पाणी तं दोघांच्याही दुधात हाय, पन हा आपल्याले तोंडावर सांगते.

अन् तेलाचं म्हणान तं मॉलमध्ये स्वस्त पडते. तिथं काउंटरवर एक पोट्टी राहते, गोरीशी, सकाळी गेली तरी उभी, संध्याकाळी गेली तरी उभी. मी तिले इचारलं, बसत काहून नाहीस वं? म्हणे, काकू, बसणं अलाऊड नाही. मले लय वाईट वाटलं, पायाच्या शिरा दिसत होत्या तिच्या, पन तेल मी तिथूनच घेतलं, खोटं कायले बोलू. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे नोकराले बसाले स्टूल हाय, दुपारी जेवाले सुट्टी हाय, पन त्याचा काटा असा हाय की साखर आपल्या घरी येईस्तोवर कमी होते. माझी सून प्राजक्ता मिहानमधल्या कंपनीत कामाले जाते, ती मोबाइलवरून मागवते, कोथिंबीर, ज्याले आम्ही सांबार म्हणतो, तेसुद्धा मोबाइलवरून. मंग म्हणते, आई, ते डिलिव्हरीवाले कसे जीव मुठीत धरून गाडी चालवतात हो, मले नाही आवडत हे, बंदच करते मी. दुसऱ्या दिवशी आलू संपले की पुन्हा मोबाइल काढते. मी तिले काही म्हणत नाही, मी कोणत्या तोंडानं म्हणू, माझं तेल कुठून येते ते तिले माहीत हाय.

पन मिरचीचं तसं नव्हतं. मिरची वर्षाची एकदाच घ्यायची राहते, अन् आमच्या गल्लीत ती मीच आणे. होळी झाली की मी माहेरी जावो, गल्लीतल्या सगळ्या घरांची मिरची तिथून घेवो अन् मिनीडोर टेम्पोत टाकून आणो, मंग आम्ही सगळ्या बाया आपापल्या गच्चीवर धोतर टाकून वाळवो, शिंकत-शिंकत, अन् मंग चक्कीवर कुटाले नेवो. माझ्यावर सगळ्यांचा भरोसा, काहून की मी मिरचीतली. मी हाताले लावून सांगो, ही रंगाची, ही तिखटाची, दोन्ही मिसळा. अन् आणो कोणाकडून, तं ज्या शेठच्या सातऱ्यावर मी लहानाची मोठी झाली त्याच्याचकडून. त्याचा माल चांगला, भाव सगळ्यात कमी. त्याच्याकडे स्वस्त काहून पडते हे मले कोणी सांगाची गरज नव्हती, मी त्या स्वस्ताईत बसून होती. उन्हात बसवायचं, सावली नाही, पाण्याचा माठ एका टोकाले, बाईनं पाण्याले उठावं तं तेवढं तोडणं बुडते, म्हणून कोणी उठे नाही. काटा त्याचा, काट्यावरचा माणूस त्याचा. शेठ काही राक्षस नव्हता हं, लग्नकार्याले बोलावलं तं येये, आहेर करे. त्याचा धंदाच तसा होता, अन् त्याच्या बापाचाही तसाच होता.

कुंदा गावातच दिली होती, तिचा नवरा दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवे, म्हणून तिचं सातऱ्यावर जाणं सुटलं नाही. एका उन्हाळ्यात तिच्या बाजूची बुढी बसल्या जागी आडवी झाली. लोकांनी उचलून सावलीले नेलं, पाणी मारलं, उठली बुढी, अन् उठल्याबरोबर पहिले काय इचारलं, तं माझी पाटी मोजली का. मोजली नव्हती. ढिगात गेली होती ती पाटी, आता कोणाची ते कोण सांगन. शेठचा माणूस म्हणे, आजी, उद्या दोन जास्तीच्या तोड. त्या दिवशी कुंदा घरी आली अन् तिनं मले फोन केला, म्हणे, बाई, मी आता आपलंच काही तरी करीन. मले वाटलं रागात बोलून राहिली, राग उतरन.

राग उतरला, पन गोष्ट सोडली नाही तिनं. आठ-दहा बाया जमवल्या, बचत गट होताच त्यांचा, ग्रामपंचायतीचं एक रिकामं गोदाम पडून होतं, त्याले त्या शेड म्हणत, ते मागून-मागून मिळवलं, अन् मिरची आणून स्वतःच तोडाले लागल्या. सावलीत बसायच्या. प्यायचं पाणी हाताशी. पाटी मोजताना ज्या बाईची पाटी तिनं स्वतः काटा पाहायचा. अन् तोडाईची मजुरी शेठपेक्षा जास्त. आता हे सगळं केलं तं मिरची महाग पडणारच नं, किलोमागे चांगलीच महाग. कुंदा नागपूरले आली माझ्याकडे, खाली बसली, चहा घेतला नाही, म्हणे, बाई, व्यापारी आमची मिरची घेत नाही, ते शेठच्याच दरानं मागतात, आमच्यावाली मिरची घरोघरीच खपली पाहिजे, तुझी गल्ली अन् तुझ्या गल्लीसारख्या आणखी चार गल्ल्या लागल्या तं आमचं चालते, नाही लागल्या तं मले त्याच रांगेत जाऊन बसावं लागन, अन् बाई, मले तिथं नाही जायचं आता. बस एवढंच बोलली. कुंदा जास्त बोलणारी नाही, बोलणारी मी हावो.

मी गल्लीत गोष्ट काढली. आमच्या बाजूले वानखेडेबाई राहतात, माझ्यापेक्षा मोठ्या, हिशोबाच्या पक्क्या, घासाघीस अशी करतात की भाजीवाला त्यांना पाहून गाडी वळवते. त्या म्हणे, सुशीला, पुण्य काही भाजीत दिसत नाही वं, भाजीत तिखटच दिसते. मी म्हटलं, काकू, तिखट तेच हाय, तोडणारे हात सावलीत हायेत एवढाच फरक. त्या म्हणे, मंग सावलीचे पैसे मी काहून देऊ, मी काय बसवलं का तिले उन्हात? खरंच हाय नं, त्यांनी नव्हतं बसवलं. प्राजक्तानं मंग गल्लीच्या ग्रुपवर टाकलं, कुंदाचा अन् त्या बायांचा फोटो, खाली लिहिलं की आपण काय खातो ते कोणाच्या घामाचं हाय हे पाहिलं पाहिजे, असं काहीतरी, चांगलं लिहिते ती. सगळ्यांनी हात जोडलेले अन् फुलं पाठवली. हो मात्र मले दारोदार जाऊनच म्हणवून घ्यावं लागलं. शेवटी वानखेडेबाईही आल्या, पन त्या काहून आल्या माहीत हाय का, एकट्यापुरती शेठकडून मागवली असती तं गाडीभाडं एकटीले पडलं असतं.

त्या वर्षीची मिरची पहिल्या नंबरची झाली. रंग असा की हात लावला तं बोटं लाल. गच्चीवर वाळवली, कुटून आणली, वर्षभर बरणीत जशीच्या तशी. वानखेडेबाईंनी तोंडानं चांगली म्हटली नाही, पन दिवाळीत त्यांच्या लेकीले त्यातलीच बांधून दिली, म्हणजे समजून घ्या. कुंदा फोनवर बोले तं आवाजच वेगळा. म्हणे, बाई, शेडमध्ये पंखा लावला. म्हणे, बाई, ती बुढी पाटी मोजताना काट्याले नाक लावून उभी राहते, दिसत तं काही नाही तिले. मले लय बरं वाटे. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं होतं की मी पैसे दिले अन् ते कुठं गेले हे मले दिसलं.

दुसऱ्या वर्षी कुंदा म्हणे, यंदा आम्ही कुटूनच पाठवतो, तिखटाचे दोन पैसे जास्त सुटतात अन् तुम्हाले गच्चीवर शिंकत बसाले नोको. गल्लीतल्या बाया खुश. आता सगळ्यांचे गुडघे गेलेले, जिना कोण चढते. वानखेडेबाई म्हणे, हे चांगलं केलं तुझ्या बहिणीनं. प्राजक्तानं कुंदाचा तोच फोटो तिच्या ऑफिसच्या ग्रुपवरही टाकला, तिथूनही मागणी आली. पाकिटं आली, लालभडक तिखट, आम्ही बरण्या भरल्या, हिंगाचे खडे टाकले, झाकणं लावली.

भादव्यात महालक्ष्म्या बसतात वानखेडेबाईंकडे, मोठा स्वयंपाक राहते, तवा त्यांनी वर्षाच्या तिखटाची मोठी बरणी काढली. मी माझ्या घरी पुरण वाटून राहिली होती. त्या आल्या, सोवळ्यातल्या आल्या, नाही तं सोवळ्यात त्या कोणाच्या दाराले शिवत नाही, बरणी माझ्या ओट्यावर ठेवली अन् म्हणे, वास घे. वास घ्यायचीही गरज नव्हती. आत ढेकळं झाली होती, वरून पांढरी बुरशी, जुन्या ओल्या पोत्याचा वास. मी माझी बरणी उघडली. तेच. मंग सगळ्या गल्लीच्या बरण्या उघडल्या, ज्यांनी फ्रिजमध्ये ठेवली त्या वाचल्या, बाकी सगळ्यांची फेकाची पाळी. कोणी भांडलं नाही ताई. भांडल्या असत्या तं मले सोपं गेलं असतं. वानखेडेबाई एवढंच म्हणे, आता मी पाहुण्यांच्या भाजीत काय टाकू, अन् कोपऱ्यावरून पाकीट आणाले गेल्या.

मी बरणी पिशवीत घातली अन् एसटीनं गावाले गेली. कुंदा शेडमध्येच होती. तिनं झाकण काढलं, आत पाह्यलं, बोट घातलं, बोट नाकाले लावलं, अन् खालीच बसली. सगळ्या बाया जमल्या. एक म्हणे, आम्ही तं देठं बरोबर तोडली. दुसरी म्हणे, माल निवडूनच घेतला होता. चक्कीवाल्यानं काही मिसळलं का, पोतं ओलं होतं का, असं सगळं बोलून झालं. मंग ती बुढी, आडवी झाली होती ती, ती म्हणे, पोरींनो, वाळवली का मिरची? तं कोणीच वाळवली नव्हती.

हे समजून घ्या ताई, नाही तं तुम्हाले वाटन बाया अडाणी. देठ तोडाच्या आधी मिरचीवर पाणी शिंपडतात, काहून की कोरडी मिरची तोडली तं तिचा चुरा होते, ओली केली की देठ अलग येते अन् मिरची अख्खी राहते. मंग ती मिरची पुन्हा दोन-तीन उन्हं पसरून वाळवावी लागते. पन शेठकडे ते काम हमालांचं. बाया तोडत, पाटी काट्यावर जाये, काटा झाला की आपली मिरची संपली, घरी चला. पुढं तिचं काय होते ते हमाल पाहात, आंगणाच्या त्या बाजूले, अन् त्या बाजूले बायांनी जायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही देठ तोडलं, पन काट्याच्या पलीकडं मिरचीचं काय होते हे आमच्यातल्या कोणीच कधी केलं नाही. मले तरी कुठं सुचलं, मीही त्याच रांगेतली. अन् पहिल्या वर्षी काहून चांगली राहिली, तं आम्ही आपल्या गच्चीवर वाळवली होती. आम्हाले वाटे आपण रीत म्हणून वाळवतो. खरं तं कुंदाचं उरलेलं काम आमची गच्ची करून राहिली होती.

कुंदा रडली. मी तिले कधी रडताना पाह्यलं नव्हतं, आई गेली तवाही ती पाणी भरत होती. मलेही रडू आलं, पन दोघी रडून काय फायदा, मी म्हटलं, पुढच्या वर्षी वाळवा, समजलं नं आता, झालं. तिनं पुढच्या वर्षी ताडपत्र्या आणल्या, गोदामाच्या छतावर मिरची अशी वाळवली की हलवली तं आत बिया वाजत. मी मूठभर नमुना आणला, दारोदार नेला, वाजवून दाखवला.

वानखेडेबाईंनी मले बसवलं, पाणी दिलं. म्हणे, सुशीला, मी तुझ्या बहिणीले वाईट म्हणत नाही, चांगली बाई हाय ती. पन मी वर्षाची बरणी फेकली वं, हातानं उकिरड्यावर फेकली, अन्न फेकाची सवय नाही आपल्याले. तो शेठ वाईट हाय तं असन, पन त्याची बरणी मले कधी फेकावी लागली नाही. मी नमुना मुठीत घेऊन घरी आली. प्राजक्ताच्या ऑफिसात तं कोणीतरी बुरशीचा फोटोच टाकला होता ग्रुपवर, पहिला कुंदाचा फोटो टाकला होता त्याच्याच खाली. तिथून कोणी हो म्हटलं नाही. एका आमच्या घरानं घेतली. एका घराच्या मिरचीवर शेड चालते का? उन्हाळा संपता-संपता बाया एकेक करून शेठकडे गेल्या, त्यांची काय चूक, चूल रोजच पेटवावी लागते. सगळ्यात शेवटी कुंदा गेली.

शेठ म्हणे, या, बसा, एवढंच. अन् आता तिथं हिरवी नेट लावली त्यानं, सावलीची, अन् पाण्याचे माठ दोन केले. कुंदा म्हणे, बाई, ती नेट आमच्यामुळं लागली, आम्ही गेलो होतो म्हणून लागली. मी म्हटलं, मजुरी? म्हणे, मजुरी तेवढीच हाय. तिले नेटचं कौतुक वाटत होतं. मले वाटलं नाही.

आता यंदाचं सांगते. मी ठरवलं होतं शेठची मिरची आपण घ्यायची नाही, गल्लीले घ्यायची तं घ्या, मी नाही. एकदा तिथून उठली ते उठली. प्राजक्तानं मोबाइलवर एक तिखट दाखवलं, महागाचं, पाकिटावर एका बाईचा फोटो, हिरव्या बांगड्या, हसून राहिली, अन् लिहिलं होतं की कष्टकरी महिलांले योग्य मोबदला देऊन बनवलेलं. प्राजक्ता म्हणे, आई, हे घेऊ, थोडं महाग हाय पन मनाले बरं वाटन. मले पटलं. होळी झाल्यावर मी माहेरी गेली ती नुसती भेटाले. कुंदा घरी नव्हती म्हणून सातऱ्यावर गेली, मिरची घ्यायची तवा बाहेरच्या दुकानातूनच घेवो, तोडणाऱ्या बायांच्या फाटकातून किती वर्षांनी आत गेली म्हणाल तं सांगता नाही येत. खोकला तोच, ठसका तोच. नेटच्या खाली रांगेत बसली होती कुंदा, तोंडाले फडकं बांधून.

मी बाजूले टेकली. ती हात न थांबवता म्हणे, बाई, यंदा तुम्ही किती घेऊन राहिल्या? मी म्हटलं, मी इथून नाही घेत वं, तुले उन्हातान्हात बसवणाऱ्याची मिरची माझ्या घरात नोको, प्राजक्तानं एक चांगल्या कंपनीचं पाह्यलं हाय, तिथं बायांले बरोबर मजुरी देतात. तवा तिचा हात थांबला. फडकं खाली केलं अन् म्हणे, तिथं देठ तोडाले कोण बसते, ओळखते का तू तिले? मी म्हटलं, नाही. म्हणे, इथं मी बसते. मी म्हटलं, म्हणूनच तं. तशी चिडली माझ्यावर. म्हणे, म्हणूनच तं काय? माल खपला नाही तं शेठ पहिले कोणाले घरी बसवन? मलेच बसवन, मी पळून गेलेली हाय, त्याच्या नजरेत हाय मी. तू तिकडं नागपुरात मनाले बरं वाटून घेशीन, अन् इथं माझी पाटी रिकामी राहीन. बाई, तुले माझ्यासाठी काही करायचं हाय नं, तं इथून घे. अन् तिनं फडकं वर केलं अन् तोडाले लागली.

मी शेठकडूनच घेतली. गल्लीचीही घेतली, पहिल्यासारखी, मिनीडोरमध्ये टाकून आणली. गाडी उतरवताना वानखेडेबाई म्हणे, आली नं शेवटी ठिकाणावर? मी म्हटलं, हो काकू, आली. प्राजक्ता दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, तिले वाटलं आईनं हार मानली. मंग तिले समोर बसवून सगळं सांगतलं तं म्हणे, आई, मंग बरोबर काय हाय? मी म्हटलं, मले माहीत असतं तं मी तुले पहिलेच सांगतलं असतं वं. गच्चीवर वाळवली मी मिरची, दोन उन्हं दिली, गुडघे दुखतात तरी जिना चढली, कुंदाच्या मिरचीले तेवढं तं मी करू शकते.

घ्या, तुमचा चहा थंड झाला. पावभर तिखट बांधून देते तुम्हाले, नाही म्हणू नोका, कोरडं हाय, वर्षभर टिकन. सुखी राहा, लेकराबाळांले चांगलं राहो. घरी कोणी इचारलं कोणाकडून घेतलं, तं शेठचं नाव सांगजा. कोणी तोडलं असं इचारलं तं कुंदाचं सांगजा, पन ते कोणी इचारत नाही.